जुनी पाकिटे रद्दीत घालण्याआधी…

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नौपाड्यात सध्या गल्लोगल्ली जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे. घर रिकामे करताना माळ्यावरच्या ट्रंका उघडतात आणि गावाकडून आलेली जुनी पत्रे किलोच्या भावाने रद्दीत जातात. पत्रे ठेवायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण पाकिटांवरच्या तिकिटांकडे एकदा नजर टाकावी, एवढ्यासाठी हे पत्र.

आम्हा संग्राहकांची धाव राणी व्हिक्टोरियाच्या तिकिटांकडे, नाहीतर छपाईत चुकलेल्या तिकिटांकडे. शेतीची तिकिटे भरमसाट छापली गेली, म्हणून त्यांना भाव नाही आणि भाव नाही म्हणून कदरही नाही. खरे तर देशाच्या पोटाचा हिशेब त्यांच्यावरच आहे. १९५५च्या पंचवार्षिक योजना मालिकेत ३ पैच्या तिकिटावर ट्रॅक्टर होता, तर ९ पैच्या तिकिटावर बैल जुंपलेली विहीर. (शिवारात तेव्हा दिसायची ती बैलांची विहीरच!) १९६३ साली 'भुकेपासून मुक्ती' मोहिमेचे १५ नव्या पैशांचे तिकीट निघाले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची ही मोहीम. शंभरावर देशांनी तिच्यासाठी तिकिटे काढली. संघटनेचे महासंचालक होते आपले बिनय रंजन सेन, आणि आपण मात्र अमेरिकेच्या गव्हावर दिवस काढत होतो. ज्यांनी पुढे रेशनची लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी, खाल्ली, त्यांना वेगळे सांगायला नको.

माझे आवडते तिकीट १९६८चे, २० पैशांचे, गहू क्रांतीचे. पुढे गव्हाच्या भरदार ओंब्या आणि मागे दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेच्या ग्रंथालयाची इमारत. १९६६ साली मेक्सिकोहून बुटक्या पण भरघोस पिकणाऱ्या गव्हाचे १८,००० टन बियाणे आणले गेले. १९६६-६७मध्ये देशात सुमारे १ कोटी १४ लाख टन गहू पिकला, पुढच्याच हंगामात १ कोटी ६५ लाख टन! त्याच वर्षी टपाल खात्याने तिकीट काढले. सरकारी खात्याकडून इतकी तत्परता क्वचितच दिसते.

अशी पाकिटे सापडली तर तिकीट ओरबाडून काढू नका. तारखेचा शिक्का स्पष्ट असेल तर पाकीट अख्खेच ठेवा. तिकीट कुठून कुठे आणि कधी गेले, ते शिक्क्यावरून आणि पत्त्यावरूनच कळते. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत एका पावसाळ्यात बुरशी धरते, कोऱ्या तिकिटांचा गोंद एकमेकांना चिकटतो.

ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून कागद जपत आले आहे. लोकांना नको असलेल्या पाकिटांसाठी तिथे एक पेटी ठेवता येईल का? वाशीच्या बाजार समितीनेही धान्य बाजारात अशा तिकिटांची एखादी चौकट लावायला हरकत नाही. माझ्याकडची दुबार तिकिटे मी दोन्ही ठिकाणी आनंदाने देईन.

— एक तिकीटसंग्राहक, नौपाडा, ठाणे (प.)