कोयना खोऱ्याची वाट समजावून सांगणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

कोयना खोऱ्याच्या उत्तर भागातली आमची सायकलफेरी या हिवाळ्यात निर्विघ्न पार पडली. आपण वहीच्या पानांवर रस्त्याचे जे वर्णन स्वतः लिहून दिलेत, त्याचा या फेरीत सर्वांत मोठा वाटा आहे आणि तो चारचौघांत मान्य करावा म्हणून हे पत्र जाहीर लिहीत आहे. आपले नाव येऊ नये ही आपली इच्छा अर्थातच पाळली आहे. मात्र ज्या माणसाने आयुष्यभर घाटात एसटी चालवली, त्याच्याकडून सायकलस्वारांना केवढे शिकता येते, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमची मूळ आखणी महाबळेश्वराहून तापोळ्याला उतरायचे, लाँचने बामणोली गाठायची आणि कासवरून साताऱ्यात यायचे, अशी होती. नकाशावर ती सोपी दिसत होती, कारण सुरुवातच उताराची होती. आपण ती पाहिलीत आणि दिशा उलटी करा म्हणालात. बामणोलीहून कासकडचा चढ डोंगराच्या पश्चिम अंगावर आहे. आमच्या बेताप्रमाणे तो भर दुपारनंतर आला असता आणि मावळतीचे ऊन सामानाने भरलेल्या सायकलींवर सबंध चढभर पडत राहिले असते. उलट साताऱ्याहून उजाडायच्या आत निघाले, तर यवतेश्वराचा घाट ऊन तापण्यापूर्वी मागे पडतो, सुमारे 25 किलोमीटरवरचे कासचे पठार सकाळीच लागते आणि पश्चिमेची उतरण सावलीत मिळते, हे आपण लिहिले होते तसेच घडले. आमच्या फोनमधला आलेख चढाची टक्केवारी अचूक सांगत होता, पण कोणत्या वेळी कोणत्या अंगाला ऊन असते हे त्यात नव्हते, आणि सायकलवर दिवस कसा जाईल हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.

दुसरी गोष्ट वळणांची. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा आपल्या पेशातला नियम आपण आधी समजावून सांगितलात आणि मग स्वतःच म्हणालात की उतारावर गिअरमध्ये गाडीचा वेग रोखून धरणारे इंजिन तुमच्या सायकलीला नाही, तेव्हा वेग वाढूच न देणे एवढाच उपाय तुमच्या हाती आहे. कास साधारण 1,200 मीटरवर आहे आणि कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाची पूर्ण पातळी सुमारे 659 मीटर आहे. म्हणजे बामणोलीच्या वाटेवर 500 मीटरहून अधिक उतरायचे असते. आम्ही पुढचा-मागचा ब्रेक आलटूनपालटून वापरला, वळणाच्या आधी वेग कमी केला आणि मध्ये थांबून चाकांच्या रिम निवू दिल्या. नागमोडी वळणावर बस वळताना तिची मागची चाके आतल्या अंगाला कापत येतात, म्हणून सायकलस्वाराने बसच्या आतल्या बाजूला कधीही शिरू नये आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, हे आपण कागदावर आकृती काढून दाखवले होते. ही आकृती घाटात सायकल नेणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी पाहावी असे मला मनापासून वाटते.

खोऱ्याच्या मधल्या भागाविषयी आपण जे सांगितलेत, त्यामुळे आमचा एक हट्ट सुटला. महाबळेश्वरापासून कोयनानगरपर्यंत पाण्याच्या काठाकाठाने सलग जाता येईल का, याची आमच्यापैकी काहींना फार ओढ होती. आपण शांतपणे समजावलेत की पलीकडचे रान कोयना अभयारण्याचे आहे, 2010 साली चांदोली राष्ट्रीय उद्यानासह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले, वासोटा किल्ल्यावर जायचे तरी लाँच आणि वन विभागाची परवानगी लागते, आणि तिथे सायकल घालण्याचा विचारही करू नये. धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावांची नावे आपण एकेक करून घेतलीत तेव्हा आम्ही सारे गप्प झालो होतो. ज्या पाण्यावरून लाँचमध्ये सायकली आडव्या ठेवून आम्ही मजेत तापोळ्याला जाणार होतो, त्या पाण्याखाली माणसांची शेते आणि घरे आहेत, हे जाण्यापूर्वी कळले याबद्दल मी आपली विशेष ऋणी आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की लाँच धक्क्यापासून दूर लागते आणि सायकली चिखलातून वाहून न्याव्या लागतात, म्हणून नोव्हेंबर ते जानेवारीचाच काळ निवडा, हा सल्लाही तितकाच मोलाचा ठरला.

तापोळ्याला मुक्काम करून महाबळेश्वरचा चढ पहाटे घ्यावा, कारण उशीर झाला की वरून पर्यटकांच्या गाड्या उतरू लागतात, या आपल्या सूचनेमुळे तो जवळजवळ 700 मीटरचा चढ आमच्या वाट्याला जवळपास निर्मनुष्य आला. जांभूळ, हिरडा आणि अंजनीच्या त्या दाटीत पॅडलचा आणि श्वासाचाच आवाज होता. गव्यांच्या ताज्या खुणा दिसल्या, गवे दिसले नाहीत. संध्याकाळ होण्याआधी मुक्कामी पोहोचण्याचा आपला आग्रह किती योग्य होता, हे त्या खुणांनी पटवले. पुढचा पाचगणीचा रस्ता गर्दीचा आहे आणि पसरणी घाट सर्वांच्या परिचयाचा आहे, त्यावर आपणही दोनच ओळी लिहिल्या होत्या आणि तेवढ्या पुरल्या.

काका, महाराष्ट्रातल्या घाटांची अशी माहिती एसटीच्या जुन्या चालकांपाशी किती तरी असेल. पाणी कुठे मिळते, कोणत्या वळणावर दव उशिरापर्यंत सुकत नाही, कुठल्या टपरीचे मालक हवा भरायचा पंप ठेवतात, हे त्यांना कोणी विचारत नाही म्हणून लिहिलेही जात नाही. आपण आम्हाला विचारू दिलेत, आपली दुपार दिलीत आणि मानधनाचा विषय निघताच हात जोडलेत. आपल्या परवानगीने त्या पानांच्या प्रती काढल्या आहेत आणि या वाटेने जाणाऱ्या इतर सायकलस्वारांना त्या देत आहोत.

पुढच्या हिवाळ्यात खोऱ्याचा दक्षिण भाग करावा असे मनात आहे: कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावरून पाटण, कोयनानगर, हेळवाक आणि कुंभार्ली घाटाने चिपळूण. हेळवाकजवळ नदी पूर्वेला वळते तिथून पुढचा रस्ता आपण पुष्कळ वर्षे चालवला आहे, असे बोलण्यात आले होते. आपल्या सवडीने त्याचीही पाने लिहून द्यावीत, अशी विनंती करते. वही आणि पेन घेऊन आम्ही दिवाळीनंतर येऊ. काकूंनाही नमस्कार सांगावा.

आपली कृतज्ञ,
पुण्याची एक सायकलस्वार