माणसं कमी झाली, अंतरं तेवढीच आहेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. शिमग्याला गावी येणारे चाकरमानी तेव्हा मुंबईतच असतील आणि त्यांची नोंद तिकडेच होईल. ते नियमाला धरूनही आहे. पण त्या आकड्यावरून उद्या सिंधुदुर्गातली सरकारी पदं आणि शाळा ठरणार असतील, तर आताच बोलायला हवं.

२००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार ८२५ होती, २०११ साली ती ८ लाख ४९ हजार ६५१ वर आली. त्याच दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया आहेत, हे भाषणांतून अभिमानाने सांगितलं जातं. यातला मोठा वाटा पोटासाठी मुंबई-गोवा गाठलेल्या पुरुषांचा आहे, हे मात्र कोणी सांगत नाही. मागे राहिल्या त्या बायका आणि म्हातारी माणसं. सरकारी दाराशी सर्वांत जास्त काम पडतं ते यांनाच.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या कुठल्याही गावात जाऊन पाहा. एका महसुली गावाच्या आठ-दहा वाड्या, मध्ये व्हाळ म्हणजे ओढे, चढ-उतार. सातबाऱ्यावर सामायिकात पंचवीस-तीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला, काही तर वारलेली. वारस नोंद करायची तर सत्तरीची बाई सकाळची एसटी धरून तलाठ्याकडे येते. त्याच्याकडे आणखी गावांचा अतिरिक्त कार्यभार, म्हणजे आज तो दुसऱ्याच सजात, दुसऱ्या गावांच्या हद्दीत. काम ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्यालयात असेल तर वैभववाडी किंवा दोडामार्गच्या माणसाचा अख्खा दिवस जातो. गावात माणसं घटली म्हणून तिची ही पायपीट काही घटलेली नाही.

आपले निकष मात्र डोक्यांवर चालतात. डोंगराळ भागात २० हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३ हजारांना एक उपकेंद्र. शाळेचा पट वीसच्या खाली गेला की समायोजनाची, म्हणजे ती दुसऱ्या शाळेत मिसळण्याची भाषा सुरू होते. पावसाळ्यात साकव ओलांडून पुढच्या वाडीत जाणारं सहा वर्षांचं पोर त्या कागदावर कुठेच दिसत नाही.

लोकप्रतिनिधींच्या बाबतीत कायद्याला हे कळलेलं आहे. जिल्हा परिषदेची सदस्यसंख्या ५०च्या खाली जाऊ शकत नाही, म्हणून लोकसंख्या घटूनही सिंधुदुर्गाचे ५० सदस्य कायम आहेत. सभागृहाला किमान मर्यादा असेल, तर तलाठी सजा, उपकेंद्र आणि शाळेलाही ती हवी. मुळात १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून हा जिल्हा वेगळा काढला तो सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या माणसाला रत्नागिरी लांब पडत होती म्हणूनच. तेव्हा अंतर मोजलं, मग आता का नको?

जिल्ह्यातल्या आमदारांनी आणि जिल्हा परिषद सदस्यांनी पुढील आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा आराखडा, ठरण्याआधी दोन गोष्टी शासनाकडून लेखी घ्याव्यात. पदं मंजूर करताना लोकसंख्येबरोबर वाड्यांची संख्या आणि साठीपुढच्या माणसांचं प्रमाण धरावं. आणि वारस नोंदी, दाखले व निराधार योजनेच्या कामांसाठी प्रत्येक महसूल मंडळात आठवड्यातून एक ठरलेला दिवस ठेवावा, तलाठी, मंडळ अधिकारी आणि ग्रामसेवक तिघेही एकाच जागी हजर असतील असा. त्याचं वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावं.

आपला,
एक वाचक, जि. सिंधुदुर्ग