‘लिटरली’ची बाजू

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मुलांच्या इंग्रजी निबंधांत दर दुसऱ्या ओळीला येणाऱ्या ‘लिटरली’ने तू वैतागला आहेस, हे वाचल्यापासून हाच विषय डोक्यात घोळतो आहे. मला त्या शब्दाची बाजू घ्यावीशी वाटते. ‘आय वॉज लिटरली डेड’ ही काही आजच्या पोरांची करामत नव्हे. असा आलंकारिक वापर ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने १७६९ सालापर्यंत मागे नेऊन दाखवला आहे.

‘व्हेरी’चेच बघ ना. त्याचे मूळ लॅटिनमधल्या ‘वेरुस’ म्हणजे ‘खरा’ या शब्दात आहे, तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, आणि चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसर आपल्या काव्यातल्या सरदाराला हे विशेषण लावतो तेव्हा त्याला ‘खराखुरा’ असेच म्हणायचे असते. पुढे खरेपणा झिजला आणि नुसता जोर उरला. ‘रिअली’ त्याच वाटेने गेला. ‘टेरिबली’ आणि ‘ऑफुली’ यांच्यातली भीतीही अशीच ओसरली. आपण ‘भयंकर आवडले’ म्हणतो तेव्हा कोण घाबरलेले असते? ‘लिटरली’च्या पोटात तर लॅटिन ‘लिटेरा’, म्हणजे अक्षर आहे. आपला ‘अक्षरशः’ हुबेहूब त्याच घडणीचा, आणि ‘उन्हात अक्षरशः भाजून निघालो’ असे तूही लिहितोस. ‘डेड टायर्ड’मधला ‘डेड’ आणि ‘ठार बहिरा’मधला ‘ठार’ हेही मला सख्खे भाऊ वाटतात.

मला खरा घाम फोडला तो मात्र क्रियापदाआधी येऊन जोर देणाऱ्या इवल्याशा ‘डू’ने. गेल्या महिन्यात एका कथेचा अनुवाद करताना ‘आय डिड लॉक द डोअर’ या पाच शब्दांपाशी सबंध संध्याकाळ गेली. घरात चोरी झालेली, सगळे त्या बाईकडे संशयाने पाहत आहेत आणि ती हे बोलते. ‘मी कुलूप लावलं होतं’ असे लिहिले, तर तिचा ठामपणा गेला. ‘खरोखर’ घातले, तर ती काकुळतीला आल्यासारखी वाटू लागली. शेवटी क्रियापद उचलून वाक्याच्या तोंडाशी आणले: ‘लावलं होतं मी कुलूप.’ तेव्हा कुठे तिचा आवाज मला ऐकू आला.

त्या निबंधांतली दोन-चार वाक्ये मला पाठव. पण ‘लिटरली’वर लाल रेघ मारण्याआधी पाठव.

तुझा,
माधव