सकाळच्या शाळेचा नाश्ता: सर्व पालक सभासदांसाठी

पालकहो, सकाळी ७ ची शाळा असली तरी मुलांना नुसत्या चहा-बिस्किटावर पाठवू नका. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही.

पोहे उत्तम, पण वाटीभर पोह्यांत मूठभर मोडाची मटकी हवीच. आदल्या सकाळी भिजवा, ८ तासांनी उपसून ओल्या फडक्यात रात्रभर बांधा. पाणी नीट निथळलं नाही तर मटकी बुळबुळीत होते, वास मारते. अशी टाकूनच द्या. थंडीत मोडांना आणखी अर्धा दिवस लागतो. कच्चे मोड मुलांना देऊ नका, १० मिनिटं वाफवा. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळा. उष्णतेने क जीवनसत्त्व कमी होतं आणि लोह शोषायला त्याचीच मदत होते. ५ वर्षांखालच्यांना अख्खे शेंगदाणे नकोत, घशात अडकतात. कूट घाला.

घाई असेल त्या दिवशी रात्रीची भाकरी दुधात कुस्करून द्या.