पॉवर सरळ, करंट वाकडा

नाशिक, रविवार, रात्रीचे अकरा

प्रिय पद्या,

वर्षभर एक ओळ नाही, त्याच्या शिव्या खाऊन झाल्या असं समज. आईचा गुडघा तसाच, माझं पित्त तसंच. पुढे.

तू जिंकलास. गच्चीवर म्हणाला होतास, "दिल्या, पॉवर धरून बसशील, करंट हातातून जाईल." मी तुला पीआयचा, म्हणजे करंट धरून चालणाऱ्या त्या नेहमीच्या कंट्रोलरचा, पुजारी म्हणालो आणि आठवडाभर अबोला. त्या रात्रीच्या चहाचे पैसे तुझ्याकडेच आहेत हं, विसरलो नाही.

झालं असं. पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोरेजला कॉम्प्रेसरच्या ड्राइव्हपुढे आपला कन्व्हर्टर (एसीचं डीसी करणारा) बसवला, डीपीसीवर, म्हणजे करंटऐवजी थेट पॉवर धरणाऱ्या डायरेक्ट पॉवर कंट्रोलवर. नोगुचींच्या १९९८ च्या पेपरचा तोच धडा: करंट लूप नाही, मॉड्युलेटर नाही. अ‍ॅक्टिव्ह (काम करणारी) आणि रिअ‍ॅक्टिव्ह (नुसती ये-जा करणारी) पॉवर हिशोबाने काढायची, ती ठरल्या बँडबाहेर गेली की सांगणारे दोन हिस्टेरिसिस कंपॅरेटर, बारा सेक्टरचा तक्ता, तक्ता म्हणेल तो व्हेक्टर, म्हणजे स्विचची चालू-बंद जुळणी. सहा स्विचचे आठच तर व्हेक्टर! अंबडच्या शेडमध्ये असा चालला की मी पेढे वाटले.

तिकडे गेल्यावर शिट्टी. स्विचिंग फ्रिक्वेन्सी बांधलेली नाही, लोड हलला की ती भटकते, आणि फिल्टर मी एकच आकडा धरून काढलेला. (हे तू १०० वेळा बोलला होतास, माहीत आहे.) बँड अरुंद केला, तर फ्रिक्वेन्सी चढली आणि हीटसिंक तापले. रुंद केला, तर रिपल, म्हणजे करंटवर बारीक लहरी.

ते निभावलं असतं रे. पण तिथे एक फेज बाकी दोघींपेक्षा खाली असते. स्क्रीनवर पॉवर मात्र पट्टीने आखल्यासारखी. मालक खूश, मीही छाती काढून उभा. मग करंटला प्रोब लावला आणि पोटात गोळाच आला. साइनची पार भजी! व्होल्टेज असंतुलित असताना करंट साफ हवा, तर पॉवर १०० हर्ट्‌झने डुलणारच. मी तिला डुलू दिलं नाही. तो डोल मग करंटमध्ये शिरला, तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट फ्रिक्वेन्सीची लहर होऊन. कॅपॅसिटरला हात लावता येईना. यंत्र चुकलं नाही पद्या, मी मागितलं तेच त्याने दिलं.

आणि मालकाने विचारलं तेव्हा मी काय बोललो? "लाईनचा दोष आहे." खोटं नाही म्हणा. पण तू हा स्वर ओळखतोस, व्हायव्हाला प्रोब उलटा लागला तेव्हाही मी मीटरच्याच नावाने बोटं मोडली होती. आता तो बिचारा माझ्या शब्दावर सबस्टेशनला दोन चकरा मारून आलाय. द्राक्षांचा हंगाम, स्टोरेज बंद ठेवता येत नाही, आणि मला फोन करताना अजून "साहेब" म्हणतो. झोप लागत नाही ती त्या "साहेब"मुळे.

तक्ता काढून टाकतोय. त्याजागी एसव्हीएम (स्पेस व्हेक्टर मॉड्युलेशन) घालतो, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरलेली. पॉझिटिव्ह सीक्वेन्स, म्हणजे व्होल्टेजचा संतुलित भाग, वेगळा काढून संदर्भ त्यावरच धरायचा, पॉवर डुलली तर डुलू दे. थोडक्यात, तुझ्याच देवळात आलो. कोड पाठवतो, हसून झालं की बघ.

वहिनींची बदली झाली म्हणे? आणि चिनूची दहावी यंदाच ना? नीट लिही.

मंगळवारी जातोय. बोर्ड बदलून मग सांगू, की आधी सांगून मग बदलू? बायको म्हणते आधी सांग. तिला व्हायव्हाचा किस्सा कोणी सांगितला?

तुझा प्रोब अजून माझ्याकडेच आहे. हो, तोच.

तुझा,
दिल्या