पाटणच्या ताईंना, एका बांगड्याबद्दल

ताई आणि दाजी,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला माझं नाव ठाऊक नाही, मीही तुमचं विचारलं नाही. गेल्या फेब्रुवारीत लग्नाची पत्रिका द्यायला पाटणला आलो होतो आणि दुपारी दोनच्या सुमारास तुमच्या खानावळीत शिरलो होतो, तो पांढऱ्या टोपीचा माणूस मी. मटण थाळी संपली होती. "बांगडा आहे, सकाळीच घाटाखालनं आलाय," असं दाजी म्हणाले आणि मी पाण्याचा पेला तसाच ठेवून उठलो. तेव्हा तुम्ही आतून हात पुसत आलात. "भाऊ, उन्हाचं उपाशी जाऊ नका. मासा खात नाही की चालत नाही?" असं विचारलंत. हा प्रश्न मला आजवर कुणी इतक्या नीट विचारला नव्हता.

मी उंब्रजजवळचा, तारळीकाठचा. एसटीत वाहक होतो, कराड-चिपळूण गाडीवर कित्येक वर्षं काढली. कुंभार्ली घाट उतरून रोज चिपळूणला जायचो, पण जेवायला घरची भाकरी आणि झुणका. आमच्याकडं मासा म्हणजे आठवडी बाजारातली सुकट, बोंबील, नाहीतर पावसाळ्यात ओढ्याच्या खेकड्यांचा रस्सा. लहानपणी एकदा नदीचा मासा खाताना घशात काटा अडकला. आईनं कोरड्या भाताचे गोळे गिळायला लावले, तरी रात्रभर थुंकीत रक्त येत होतं. तेव्हापासून काट्याचा मासा ताटात आला की माझा हात आखडायचा. पन्नास वर्षं गेली त्यात. कुणाला सांगितलंही नाही, कारण सांगण्यासारखं ते काही वाटायचं नाही.

लेक गुहागर तालुक्यात दिली आणि तिथं हे आडवं आलं. लग्नानंतर पहिल्यांदा व्याह्यांकडं गेलो, तर विहीणबाई पहाटेपासून चुलीशी. सुरमई तळलेली, बांगड्याचं कालवण, सोलकढी. मी पोट बरं नाही म्हणून वरणभात खाल्ला. त्या काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी लेकीचा फोन आला, "आबा, आईंना वाटतंय तुम्हाला त्यांच्या हातचं चाललं नाही." तो फोन ठेवल्यावर मला रात्री झोप लागली नाही. घाटावरच्यांनी कोकणातल्या माणसाच्या हातचं टाळलं, असा अर्थ निघाला होता आणि माझ्या मनात तसलं काही नव्हतं.

हे सगळं मी तुम्हाला का सांगितलं कोण जाणे. तुम्ही ऐकून घेतलंत, आत गेलात आणि दोन ताटं घेऊन आलात. एक माझ्यापुढं, एक तुमच्यापुढं. "मी करते तसं करा, घाई नको," म्हणालात.

तो तुमचा हात मला अजून दिसतो. अंगठ्याच्या नखानं तुम्ही बांगड्याच्या पाठीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत रेघ ओढलीत, हलकेच दाबलंत, तशी वरची बाजू पानासारखी उलटून बाजूला पडली. मग शेपटीकडून मधला काटा चिमटीत धरून वर उचललात, तर डोक्यासकट सगळा सापळा एका झटक्यात सुटून आला. पोटाकडचे बारीक काटे बोटानं बाजूला सारून दाखवलेत. "नदीच्या माशात दुभागलेला काटा मांसात इकडंतिकडं पसरलेला असतो, तो पोराच्या घशात जाणारच. बांगड्याचा काटा एका ओळीत. त्याची वाट एकदा कळली की तो कधी फसवत नाही." माझा पहिला बांगडा पार विस्कटला. तुम्ही हसला नाहीत. दाजींना म्हणालात, "अजून एक आणा," आणि दुसरा माझ्या हातानं अख्खा सुटला.

आणि त्या तिखल्याची, बांगड्याच्या त्या मालवणी कालवणाची, चव! तांबडं, दाट, खोबरं न घातलेलं, आमसुलाचा आंबटपणा पुढं आणि मागनं तो तिरफळाचा वास. जिभेला मुंग्या आल्या तेव्हा मी दचकलो, तर तुम्ही वाटीत वाळकं तिरफळ आणून दाखवलंत. काळी बी काढून टाकायची, टरफल नुसतं ठेचायचं, वाटायचं नाही, नाहीतर कडवटपणा उतरतो. बांगडा, तारली अशा तेलकट माशालाच ते शोभतं, पापलेटला नाही. झाडाच्या खोडाला काटे असतात म्हणून तुमच्या माहेरी, मालवणकडं, पावसात ती फळं काढताना तुम्हाला किती ओरखडे पडायचे, तेही सांगितलंत. ज्वारीच्या भाकरीबरोबर ते तिखलं मी पहिल्यांदाच खाल्लं. तांदळाच्या भाकरीपेक्षा ज्वारीचीच त्याला जास्त धरते, असं माझं मत आहे. व्याह्यांना ते पटलेलं नाही.

दाजी नवी मुंबईच्या बाजारात माथाडी होते, तिथंच तुमची सोयरीक जुळली आणि तुम्ही समुद्र सोडून इकडं आलात, हे जेवताना कळलं. आमच्या पाटण-ढेबेवाडीकडची किती माणसं अण्णासाहेब पाटलांच्या मागं माथाडीत गेली. त्यांच्यातल्या एकाच्या घरात मालवणचं तिरफळ आलं आणि ते माझ्या कामी आलं.

बिल देताना बघितलं, तर एकाच थाळीचे पैसे. दुसरा बांगडा नाही, तुमचं ताटही नाही. मी म्हटलं, तर दाजी म्हणाले, "शिकवायचे पैसे घेत नाही आम्ही." तेव्हा घसा दाटून आला आणि मी नीट बोललोही नाही. म्हणून हे पत्र.

मे महिन्यात गुहागरला गेलो. विहीणबाईंनी माझ्यासाठी वेगळं वरण केलं होतं. मी म्हटलं, "वरण राहू द्या, बांगडा वाढा." नखानं रेघ ओढली, काटा उचलला, ताटाच्या कडेला ठेवला. त्या वाढायच्या थांबल्या होत्या. लेक दारात उभी होती. विहीणबाईंनी एवढंच विचारलं, "अजून एक वाढू?" दोन खाल्ले. संध्याकाळी त्यांनी पाटावर बसून माझ्याशी तासभर गप्पा मारल्या, पहिल्यांदाच. तुमची सगळी हकिकत त्यांना सांगितली. त्या कालवणात ओलं खोबरं घालतात, तुम्ही घालत नाही, यावर त्यांना तुमच्याशी बोलायचं आहे.

आता १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, मग श्रावण, मग गणपती आणि नवरात्र. कोजागिरी झाली की व्याही-विहीण आमच्याकडं यायचेत. येताना पाटणला उतरवून घेतो. विहीणबाई घरची आमसुलं आणणार आहेत तुमच्यासाठी, नाही म्हणू नका. आम्ही पाच माणसं असू. बांगडा मिळाला तर ठेवा, आणि या वेळी सगळ्या ताटांचे पैसे घ्या.

तुमचा,
उंब्रजकडचा भाऊ