मांजराची रांगोळी

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्री उशिरा

प्रिय मंजे,

तुझ्या पत्राला दीड महिन्यानं उत्तर देतेय, काय शिव्या घालायच्या त्या घाल. माझी रविवार सकाळ आता माझी उरलेली नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये नऊ पोरं, तीन लॅपटॉप (त्यातला एक चार्जर काढला की मान टाकतो) आणि मी. त्यांना स्क्रॅचवर नक्षी काढायला शिकवते. हस, हस! चित्रकलेत काठावर पास झालेली मी!

स्क्रॅच म्हणजे संगणकाला कामं सांगायची सोपी भाषा, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या मंडळींनी २००७ साली मुलांसाठी काढलेली. टाइप फारसं करायचं नाही, रंगीत ब्लॉक एकाखाली एक अडकवायचे. पडद्यावर मांजर असतं, त्याला पेन दिलं की चालेल तिथे रेघ उमटते. पेनचे ब्लॉक मात्र खाली डाव्या कोपऱ्यातून मागवून घ्यावे लागतात. माझा पहिला रविवार ते हुडकण्यातच गेला.

चौकोन सहज जमला. शंभर पावलं चाल, नव्वद अंश वळ, असं चारदा. मग त्रिकोण. सगळे एका सुरात ओरडले, "साठ!" पुस्तकात तेच असतं ना. मांजरानं काढली कलंडलेली कढई, एका बाजूनं सताड उघडी. समजावून माझा घसा बसला. शेवटी लॅपटॉप मिटवले, फरशीवर खडूनं त्रिकोण आखला आणि म्हटलं, चाला यावरून. सातवीतली एक मुलगी कोपऱ्यावर साठ अंश वळली आणि थांबली. "मावशी, मी तर भिंतीकडे चाललेय. अजून तेवढंच वळायला हवं!" म्हणजे १२०. साठ हा आतला कोन, चालणाऱ्याला वळावं लागतं ते बाहेरचं.

ही युक्ती माझी नव्हे गं. १९६७ साली एमआयटीतलेच गणितज्ञ सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकाची भाषा केली, पुढे तिच्यात रेघा काढणारं कासव आलं. अडलं की स्वतः कासव होऊन चालून बघा, असं ते मुलांना सांगायचे.

मग काय, पूर्ण फेरी ३६० अंशांची, म्हणून दर कोपऱ्याला ३६० भागिले बाजू, पोरं सुटलीच. पंचकोनाला ७२, षटकोनाला ६०. सप्तकोनाला गाडी अडली, भाग जाईना. त्याच मुलीनं वैतागून सरळ ५१ टाकलं. सात बाजूंनंतर तोंड जुळलं नाही, फट राहिली. तिनं चाल साठ पावलांवर आणली, रिपीटमध्ये (तेच पुन्हा पुन्हा करायला लावणारा ब्लॉक) २०० ठोकले आणि गाल फुगवून बसली. मंजे, मांजर फिरतंय, फिरतंय, दर फेरीला रेघ जराशी सरकतेय, आणि बघता बघता पडद्यावर विणलेली बांगडी! सगळे तिच्या खुर्चीमागे गोळा. घरी येऊन हिशेब केला तर १२० रेघा आणि १७ फेऱ्यांनंतर मांजर बरोबर निघाल्या जागी येतं. उरलेल्या ऐंशी रेघा नुसती गिरवागिरवी.

खालच्या मजल्यावरचे आजोबा मात्र अजून म्हणतात, "गेमच खेळताहेत ना?" मी वाद घालत नाही, त्यांना चहा देते.

आता तुझ्याकडे काम. काकूंची ती ठिपक्यांच्या रांगोळ्यांची वही माळ्यावर असेल ना? पंधरा ते आठ ठिपक्यांची, कडेला हळदीचा डाग पडलेली. त्यातल्या चार-पाच पानांचे फोटो पाठव. पाडव्याआधी मांजराकडून त्यातली एक तरी काढून घ्यायचीय. आणि वही शोधायला माळ्यावर स्वतः चढू नकोस, तुझा गुडघा मला ठाऊक आहे.

तुझीच,
सुली